ओढ्यापल्याडचा चेंडू

सातारा गाडीच्या कंडक्टरची माझ्या ट्रंकेबद्दल काही तक्रार नव्हती. वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा हे सगळे त्याने नजरेखालून घातले आणि सोडून दिले. त्याचे घोडे अडले ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, छातीइतक्या उंच कातडी पिशवीपाशी. पिशवीच्या तोंडातून लोकरी टोपडी घातलेली चार डोकी बाहेर आली होती.

"बाई, ह्याचं तिकीट काढावं लागंल."

"सामान आहे ते."

"सामान आडवं पडतं. हे उभं हाय."

मागच्या बाकावरचा एक फेटेवाला पुढे वाकला. "वाजिंत्री हायती का काय?"

"न्हाई गड्या," त्याचा सोबती म्हणाला. "देवाचं काय तरी असंल. टोपडी घातल्यात बघ. चैताचं दिवस, जत्रंला नेत असतील."

कंडक्टरने पिशवीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तिला स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागच्या जाळीशी नीट टेकवून ठेवले. तिकिटाचा विषय संपला. फेटेवाल्याने मला पुन्हा विचारले, "कंचा देव म्हनायचा?" मी म्हटले, "घरचं सामान आहे," आणि खिडकीबाहेर पाहू लागले. प्रवासात अनोळखी माणसांशी लांबण लावायची मला सवय नाही. निघायचे, पोचायचे, काम उरकायचे, परतायचे.

काम असे होते. पिशवी माझ्या यजमानांची, आणि तिच्यात होत्या गोल्फच्या काठ्या. गोल्फ म्हणजे लिंबाएवढा टणक चेंडू काठीने मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा खेळ. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. यजमान हा खेळ पुण्याच्या छावणीतल्या मैदानावर दर रविवारी खेळत. चांगले खेळत असे मी म्हणणार नाही. चेंडू शोधण्यातच त्यांचा निम्मा रविवार जाई. मी चहाचा थर्मास घेऊन वडाखालच्या बाकावर बसत असे. ते गेले त्याला आता तीन वर्षे झाली. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंची मी यादी केली आणि प्रत्येकीपुढे एक नाव लिहिले. कोट धाकट्या दिरांना, घड्याळ भाच्याला, पुस्तके वाचनालयाला. मी मुलींचे वसतिगृह चालवते. वस्तू बेवारशी पडून राहिलेल्या मला खपत नाहीत. फक्त काठ्यांपुढे नाव सुचले नाही. त्या माळ्यावर गेल्या.

मग फाल्गुनात मारुतीचे कार्ड आले.

मारुती म्हणजे कोण हे सांगायला हवे, कारण त्याचे नाव वर्तमानपत्रात यायचे ते खेळाच्या पानाच्या अगदी तळाशी, क्रिकेट, हॉकी आणि घोड्यांच्या शर्यती संपल्यावर. देशातल्या पेशेवर गोल्फ खेळाडूंचे अजिंक्यपद त्याने पाच वेळा जिंकले होते. पेशेवर म्हणजे खेळणे आणि शिकवणे हाच ज्यांचा पोटाचा धंदा. तो मूळचा कुंडलच्या बाजूचा. साहेब लोकांच्या, आमच्या यजमानांच्याही, पिशव्या वाहायला म्हणून पुण्याला आला आणि त्या पिशव्यांतल्या काठ्यांनी सगळ्या साहेबांना हरवून बसला.

कार्डावर थोडकेच होते. 'वैनीसाहेब, चैत्रात आमच्या गावची जत्रा आहे, यावे. आबांचा एक डोळा मागेच गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला आहे. जत्रेनंतर मिरजेला ऑपरेशन. डॉक्टर खात्री देत नाहीत. आबांनी मला खेळताना एकदाही पाहिलेले नाही. माझ्या काठ्या मी पुणे सोडताना पोरांना वाटून आलो. साहेबांच्या असतील तर आणाव्यात.'

मी त्याच संध्याकाळी शिडी लावली.

साताऱ्याला मुक्काम नणंदेकडे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे. माझे लग्न याच गावात लागले, त्यामुळे स्टँडवर उतरून किल्ल्याकडे नजर गेली की अजूनही मला क्षणभर शालू जड वाटतो. किल्ला तेवढाच आहे. पोवई नाक्यावर गर्दी वाढली आहे. कंदी पेढे घेतले. दुकानदार आता कागदी खोक्यात देतो, पण पेढ्याला खरपूस वास तोच.

अक्कांनी, म्हणजे माझ्या नणंदेने, पिशवी दारातून आत येताना पाहिली आणि हातातली परडी खाली ठेवली.

"दादाच्या काठ्या," त्या म्हणाल्या. मग एका टोपडीवरून बोट फिरवून, "ही मी विणलेली. एक टाका चुकलाय बघ इथे. तेव्हा म्हटलं, कोण बघतंय!"

"ते बघायचे," मी म्हटले. "मारायच्या आधी तो चुकलेला टाका शोधायचे. चेंडू चुकला की म्हणायचे, अक्काच्या टाक्यामुळे गेला."

त्या हसल्या आणि आत निघून गेल्या, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही.

संध्याकाळी गच्चीवर बसून आम्ही मारुतीच्या गोष्टी काढल्या. तो पिशव्या वाहायचा त्या दिवसांत पेरूच्या फांदीला वाक देऊन त्याने पहिली काठी केली होती. पुढे मैदानावर खेळ शिकवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली लागला. पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी यजमान त्याला शोधत गेले तर हा पठ्ठ्या गवत कापायच्या यंत्राच्या खोपटामागे जोर-बैठका काढत होता. आणि प्रत्येक फटक्याआधी खिशातल्या पुरचुंडीतून चिमूटभर तांबडी माती काढून तळहातांना चोळायचा. क्लबातल्या काहींनी नाके मुरडली: हा काय आखाडा आहे? मारुतीचा बाप नावाजलेला वस्ताद (कुस्तीचा गुरू). पोराने त्याच्या तालमीतली माती बरोबर आणली होती. त्या वर्षी तो जिंकला. पुढल्या वर्षी दोन-तीन तरुण खेळाडू हाताला माती चोळताना दिसले, पण ती बागेतली साधी माती. सिंगापूरच्या विमानतळावर मात्र पुरचुंडी अडली. तिथल्या अधिकाऱ्याने मातीचा वास घेतला, बोटाला लावली, वरिष्ठाला बोलावले. शेवटी मारुतीने त्यांच्यासमोर शड्डू ठोकून दाखवला तेव्हा सोडले. ही गोष्ट यजमान दर दिवाळीत सांगत आणि शड्डू स्वतः ठोकून दाखवत. अक्कांनी त्या गच्चीवर, अंधार पडता पडता, तो ठोकून दाखवला. साठीच्या बाईचा शड्डू! आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कऱ्हाड. तिथे गाडी बदलायची. मधल्या वेळात मिसळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढले. तासगावच्या गाडीचे चाक एका उघड्या माळावर पंक्चर झाले. प्रवासी उतरून बाभळीखाली बसले. रस्त्याकडेला अजून दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग होते; माझ्या शेजारी बसलेल्या बाईने त्यातला एक दाखवून सांगितले, "ह्यो आमचा. सासू-सुनंनी फोडल्याला." त्यात तिला काही विशेष सांगितल्यासारखे वाटले नाही. मग रस्ता कृष्णेच्या बाजूला वळला आणि ऊस लागला, गर्द आणि ओला, जणू दुसराच मुलूख.

पलूसजवळच्या फाट्यावर मारुती ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, उन्हाने काळवंडलेला. फक्त डावा हात मनगटापासून पुढे गोरापान. वर्षानुवर्षे त्या एकाच हाताला हातमोजा घालून खेळल्यामुळे तो तसा झाला होता.

"वैनीसाहेब, आलात! मला वाटलं न्हवतं." त्याने वाकून नमस्कार केला आणि मग पिशवीकडे पाहिले. तिला हात लावण्याआधी त्याने पायातल्या चपला काढल्या.

ट्रॉलीत बसून जाताना मी त्या हाताबद्दल विचारले. तो मोठ्याने हसला. "आवं, ह्या हातानं माझं लगीन मोडाय लागल्यालं. पोरीकडचं म्हनलं, पोराला कोड हाय. आबांनी चारचौघांत सांगितलं, 'कोड न्हाई, नोकरीमुळं झालंय.' कसली नोकरी? तर म्हनलं, 'सायबाचा हात धरायची.'"

"आणि लग्न?"

"झालं. तिचा भाऊ पलटनीत हुता, त्यानं सायबास्नी हा खेळ खेळताना बघितल्याला. त्यानंच पटवलं."

घर वस्तीवर, उसाच्या कडेला. ओसरीवर आबा वस्ताद बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण मान अजून बैलासारखी आणि कान फुललेले. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यावर दुधाळ साय. मी आले तशी त्यांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली.

"पुन्याच्या बाई का? बसा. पोरी, पानी आन. तुमचं मालक ग्येल्याचं मारुतीनं सांगितलं. तेबी हेच करायचं न्हवं? काठी घिऊन हिंडायचं?"

"हो, दर रविवारी."

"आन् मारुती?"

"तो रोज. आबा, तो पाच वेळा देशात पहिला आलाय."

"ते सांगत्यात समदी." ते थोडे पुढे सरकले. "मला सांगा बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. त्यात जोड कोन असती?"

जोड म्हणजे कुस्तीत समोर उभा राहणारा तोलामोलाचा गडी. मी विचार करून सांगितले, "समोर कोणी नसतं. आपण आपला चेंडू मारायचा. भोकाशीच सामना."

"भोकाशी!" आबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का रं मारुती? भोकासंगं कुस्ती! भोक कवा चीत हुतंय?"

ओसरीवरचे सगळे हसले. मारुतीही हसला, पण मी त्याचा चेहरा बऱ्याच वर्षांपासून ओळखते. शेवटच्या स्पर्धेत तो एका फटक्याने हरला होता, तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता.

जेवणात भरले वांगे, ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा (ठेचा) आणि ताक. मारुतीची बायको वाढताना हळूच म्हणाली, "वैनी, जत्रंच्या मैदानात जुनं पैलवान म्होरं बसवत्यात. फेटं बांधत्यात. ह्येन्ला कवाच बोलवलं न्हाई. त्याचं काय वाटत न्हाई म्हनत्यात. पन आबांनी एक डाव बघावं, येवढंच हाय त्येंच्या मनात. ऑपरेशनचं काय सांगावं? म्हनून ह्या जत्रंचंच धरून बसल्यात."

दुपार कलल्यावर मारुती सरावाला माळावर निघाला. मी बरोबर गेले. त्याने पिशवीतल्या काठ्या एकेक काढून गवतावर मांडल्या, मुठी पाहिल्या, फडक्याने पुसल्या. "साहेबांनी ह्या लय जपल्या," तो म्हणाला. खरे तर साहेबांच्या हातून त्या चेंडूला नीट लागल्याच कमी.

त्याने डबा पुरून एक भोक केले होते. पहिला चेंडू सुरेख वर गेला आणि त्या भोकाच्या जवळपास उतरला. आम्ही चालू लागलो. पोचतो तर चेंडू नाही. तेवढ्यात एक मेंढपाळ लगबगीने समोरून आला, चेंडू धोतराच्या सोग्याला पुसत.

"मारुती भाऊ, तुझं पडलं हुतं."

"आरं बाबा, पडलं न्हवतं. मारलं हुतं मी."

"मारलंस? आन् मग सोडून कशापायी दिलंस? मेंढरू खाईल की. घे."

दुसरा चेंडू गवत कापणाऱ्या दोन बायांनी आणून दिला. तिसरा एक म्हातारा काठी टेकत घेऊन आला आणि त्याला एवढ्या लांबून यायला लावल्याबद्दल मारुतीलाच त्याच्या पाया पडावे लागले. दुसऱ्याची वस्तू रानात पडली तर ती उचलून त्याच्या हातात नेऊन द्यायची, ही तिथली रीत. एकही चेंडू पडल्या जागी राहीना. आशियातल्या निम्म्या मैदानांवर खेळून आलेला हा माणूस आपल्या गावच्या माळावर एक डाव पुरा करू शकत नव्हता. मी वडाखालच्या बाकाची आठवण काढून एका दगडावर बसले आणि थर्मासमधला चहा ओतला. तो आला, शेजारी बसला.

"उद्या काय करणार?" मी विचारले.

"भोक राहू दे. एकच फटका. लांबचा. आबांस्नी तेवढंच दावतो."

"त्यांना दिसेल?"

त्याने चहा संपवला, पेला उपडा करून झटकला. "जवळचं दिसतं. चार हातांवरचं. पल्याडचं धुकं."

जत्रेचा दिवस. मैदान म्हणजे तालमीशेजारची मोकळी जागा. मधोमध माती उकरून, तेल-हळद-ताक घालून मऊ केलेला हौदा. पलीकडे माळ उतरत ओढ्यापर्यंत गेलेला. ओढ्याला चैत्रात गुडघ्याएवढे पाणी. त्यापलीकडे द्राक्षांचे मांडव, विहिरी आणि पुन्हा ऊस. सकाळपासून बैलगाड्या, सायकली, ट्रॅक्टर येत होते. रेवड्या, फुगे, चिरमुरे. मला बायकांच्या बाजूला एका गाडीवर जागा दिली होती. आबांना जुन्या पैलवानांच्या रांगेत पहिल्या जागी बसवून फेटा बांधला होता.

कुस्त्या लागायच्या आधी मारुती पंचांना काहीतरी म्हणाला. पंच आबांकडे गेले. आबा काही बोलले, पंच हसले, आणि कर्ण्यातून पुकारा झाला: "मंडळी! आपल्या वस्तादांचे चिरंजीव मारुती एक खेळ दाखवणार हायेत. जोड नाही! एकट्याचीच कुस्ती!"

हशा पिकला. हलगीवाल्याने कडकडाट केला. मारुती हौद्याच्या कडेला उतरणीवर आला. त्याच्या खेळात फटक्याच्या वेळी कोणी नुसते खोकले तरी चालत नाही; पुण्यात यजमानांना शिंक आली तर ते तोंडात रुमाल कोंबत. इथे हलगी वाजते आहे, पोरे पिपाण्या फुंकत आहेत, आणि एक जण ओरडतो आहे, "मारुत्या, पाठ टेकू देऊ नगंस रं!"

त्याने एक काम केले. आबांना हाताला धरून उठवून आणले आणि आपल्या पाठीशी, चार हातांवर उभे केले. "आबा, माझ्या कंबरंकडं बघा."

मग हाताला माती चोळली. अक्कांचे टोपडे काढून खिशात घातले. चेंडू ठेवला. हलगीच्या गजरातच त्याने काठी मागे नेली.

मी हा फटका शेकडो रविवारी पाहिला आहे. तरी मी गाडीवर उठून उभी राहिले. चेंडू सुटल्याचा आवाज हलगीवरून ऐकू आला. माना वर गेल्या. मग प्रत्येक जण दुसऱ्याला विचारू लागला.

"कुठं ग्येला?"

"त्यो बघ."

"घार हाय ती, येड्या."

पांढऱ्या उन्हात लिंबाएवढा चेंडू कोणालाच सापडेना. आबांनी विचारले, "काय झालं?" पंचांनी प्रामाणिकपणे सांगितले, "वस्ताद, कुणालाच दिसला न्हाई बगा."

"मंग माझ्यात आन् तुमच्यात काय फरक राहिला?" आबा म्हणाले. मैदान हसून लोटपोट झाले. ते वळून मारुतीला म्हणाले, "कंबर चांगली फिरतीया. कुस्तीत ढाक मारताना फिरते तशीच. पन गड्या, कंबर फिरून पडलं कोन?"

त्यांना धरून परत जागेवर नेण्यात आले. पहिली जोड पुकारली गेली. मारुतीने काठीवर टोपडे चढवले आणि ती पिशवीत ठेवली, व्यवस्थित, सावकाश. पिशवी उचलून तो गर्दीबाहेर निघाला. मी गाडीवरून उतरले आणि त्याच्याबरोबर चालू लागले. आम्ही मैदानाच्या तोंडाशी आलो, तर समोरून एक सायकल भरधाव आत शिरत होती. धोतर गुडघ्यावर, अंगात बंडी, पाठ घामाने भिजलेली.

"कुनाचा रं ह्यो?" सायकलवाला हात वर करून ओरडत होता. "कुनाचा चेंडू? माझ्या मांडवात पडला!"

चालू कुस्तीतले दोन पैलवानही थांबून बघू लागले. आबांनी हात वर केला. हलगी बंद झाली.

"कोन त्यो?"

"मी लक्षुमन, वस्ताद."

"कुठनं आलास?"

"घरनं. चेंडू माझ्या हिरीच्या थारोळ्याच्या दगडावर आदळला आन् मांडवात घुसला. बायकू घाबरली. म्हटलं, कुनाची तरी वस्तू हाय, द्यून यावी. फरशी पुलावरनं वळसा घालून आलो."

आबांनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "कंच्या हिरीच्या?"

"आवं, आमची एकच हाय. वड्याच्या पल्याडची. तुमी तालमीला पानी न्यायचा तीच."

मला नंतर कळले ते असे. आबा तरुण असताना तालमीची माती भिजवायला त्या विहिरीचे पाणी आणायचे. दोन्ही हातांत भरल्या घागरी, ओढा उतरायचा, चढायचा, आणि तालमीच्या दारापर्यंत एकदाही घागर टेकवायची नाही. वर्षानुवर्षे हा त्यांचा नेम होता. त्या विहिरीचे अंतर गावात कोणाला नेमके ठाऊक असेल तर त्यांच्या खांद्यांना.

"हिकडं आन," त्यांनी लक्ष्मणाला सांगितले. चेंडू त्यांच्या हातात आला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, त्याच्या अंगावरच्या खळ्यांवरून अंगठा फिरवला, तळहातावर वजन घेतले.

"ह्यो? येवढासा?"

"व्हय, वस्ताद."

"वड्याच्या पल्याड." ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "तितनं येताना चढन चढली की माझी छाती भात्यावानी हलायची. मारुती! कुठं हाय मारुती?"

मी मारुतीच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकलले. तो गेला. आबांनी त्याचे दोन्ही हात घेतले, उलटे केले, घट्टे चाचपले. काळा आणि गोरा हात त्यांना वेगवेगळा दिसला की नाही, देव जाणे. मग ते हौद्यापाशी गेले, वाकले, मूठभर माती उचलली आणि मारुतीच्या तळहातांना चोळली. कुस्तीला उतरणाऱ्या आपल्या चेल्याला वस्ताद माती लावतो, तशी.

"अजून एक मार," ते म्हणाले. "हलगी लाव रं. आन् लक्षुमन…"

पण लक्ष्मण तिथे नव्हता. तो सायकलवर टांग टाकून पुन्हा घराकडे सुटला होता, दुसरा चेंडू आणायला.

त्या दिवशी त्याने किती खेपा केल्या ते मी लिहून ठेवले नाही. शेवटी लक्ष्मणाच्या बायकोने मुलाबरोबर निरोप धाडला, की मांडव राहील का? तेव्हा थांबले. आबा शेवटपर्यंत मैदानाच्या तोंडाशी कान देऊन उभे होते. सायकलची चेन वाजली की म्हणायचे, "आला पल्याडनं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला निघालो. आबा, मारुती आणि मी. तासगावला गाडी बदलताना मारुतीने द्राक्षांची पाटी घेतली. शेडमध्ये बेदाणा वाळत होता आणि हवेला गोड, आंबूस वास होता. माधवनगरला गिरणीची पाळी सुटत होती. सांगलीत उतरून गणपतीचे दर्शन घेतले, भडंग घेतले. आबांनी कुठेच चेंडूचा उल्लेख केला नाही. फक्त त्यांच्या बंडीच्या खिशाला एक गोल फुगवटा होता.

ऑपरेशन झाले. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचे नाही अशी सक्त ताकीद. आयुष्यभर माणसे उलथवलेल्या गड्याला उताणे निजून राहायला सांगणे म्हणजे शिक्षाच. डॉक्टर म्हणाले, पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही. मारुती बाहेरच्या बाकावर बसला होता. माझी गाडी संध्याकाळची होती. निरोप घ्यायला मी आत निघाले तसा तोही उठला, आणि आम्ही दोघेही दाराशीच थांबलो.

आबा शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलत होते.

"…येवढासा चेंडू. लिंबाएवढा. आन् वड्याच्या पल्याड! हिरीच्याबी म्होरं."

"काय सांगताय वस्ताद! तुमी बघितला?"

आबांचे डोके वाळूच्या पिशव्यांमध्ये तसेच स्थिर होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी.

"मग! ह्या डोळ्यांनी बघितला," ते म्हणाले. "माजाच पोरगा हाय त्यो."

मारुती माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मी आत जाऊन आबांचा निरोप घेतला.

स्टेशनवर तो आला तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात, गावाहून फडक्यात गुंडाळून आणलेली, एकच काठी होती. चेंडू भोकात हळूच ढकलायची, सगळ्यांत आखूड.

"ही तुमी घिऊन जावा, वैनी. साहेबांची ह्या एका काठीवर खरी मेहनत हुती. बाकीच्या मी ठेवतो."

मी हो-नाही करत बसले नाही. गाडीत चढले.

महिन्याभराने कार्ड आले. पट्टी सुटली. डोळ्याला उजेड कळतो, माणूस हालचालीवरून कळतो, त्याहून जास्त नाही. आबा माळावर येऊन बसतात आणि लक्ष्मणाची सायकल आली की सांगतात फटका कसा होता. जत्रेच्या दिवशीचा चेंडू ते आता सांगताना विहिरीच्याही पुढच्या बांधापर्यंत नेतात, आणि त्यांना खोडून काढायची कोणाची छाती नाही. घरी आल्यावर मी यादीत काठ्यांपुढे मारुतीचे नाव लिहिले आणि एक काठी वजा केली.

पण हे नंतरचे. त्या संध्याकाळी मिरजेहून गाडी सुटली, आणि समोरच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ माझ्या मांडीवरच्या गुंडाळीकडे बघत होते. किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर त्यांना राहवेना.

"बाई, विचारू का? हे काय आहे?"

घरचे सामान आहे, असे मी म्हणणार होते. त्याऐवजी मी फडके सोडले.

गृहस्थांनी काठी हातात घेतली. पलीकडचे दोघे सरकून जवळ आले. मी त्यांना चेंडू केवढा असतो ते बोटांनी दाखवले, आणि मग पेरूच्या फांदीपासून सुरुवात केली. कोणीतरी भडंगाची पुडी उघडली. सिंगापूरच्या जागी मी शड्डू ठोकून दाखवला. साताऱ्याचे स्टेशन गेले, वाठार गेले, नीरा गेली. जेजुरी आली तेव्हा मी जत्रेतल्या पहिल्या फटक्यापर्यंतच पोचले होते, आणि तिथे उतरलेले ते गृहस्थ सामान हातात घेऊन फलाटावर उभे राहून म्हणत होते, "थांबा, थांबा, तो पहिला चेंडू कुठे पडला एवढं तरी सांगा."

"ओढ्याच्या पल्याड," मी खिडकीतून ओरडले. "मी पाहिलाय."